उजव्या पायाचं जोडवं

“राजमती, पाणी लाल कशानं झालंय गं?”

चंद्राक्कांनी विचारलं तेव्हा मी अंगणात दगडावर बसून पैंजण घासत होते. पुढ्यात घमेलं, घमेल्यात रिठ्याचं पाणी, त्यावर फेस, आणि फेसात एक गुलाबी रेघ. मला वाटलं, घमेल्याचा गंज असेल. मी ते पाणी ओतून दिलं आणि दुसरं घेतलं. थोड्या वेळानं तेही गुलाबी झालं.

“घमेलं काय बघतीस? पाय बघ तुझा.”

मी बघितला. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची कातडी सोलवटून निघाली होती आणि रक्त जोडव्याच्या कडेनं खाली ओघळत होतं. माझ्या हातात चांदी उजळायचा पितळी तारांचा ब्रश होता. चार वेळा पैंजणावर फिरवायचा आणि एकदा पायाच्या बोटांवर, असं माझं सकाळपासून चाललं होतं. ब्रश पुन्हा पाण्यात बुडला की रक्त पाण्यात उतरत होतं.

“दुखत न्हाई व्हय तुला?”

“खाजतंय,” मी म्हटलं.

ही एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची हुपरी चांदीची. घराघरात कोणी पैंजण घडवतो, कोणी जोडवी, कोणी नुसती घुंगरं जोडतो. आमचं घर पैंजणांचं. माझे यजमान भूपाल खोत सोप्यात खिडकीपाशी बसून माल घडवायचे आणि मी अंगणात तो घासून उजळायची. चंद्राक्का त्यांच्या थोरल्या बहीण. शेजारीच राहायच्या आणि दिवसातून चार वेळा आमच्याकडे येऊन जायच्या. घरात जे काही बोलणं व्हायचं ते बहुतेक त्यांचंच.

मला साखर निघून चार वर्षं झाली होती. गोळ्या होत्या, आठवण झाली की घ्यायची. पहिल्यांदा तळपाय गेले. गेले म्हणजे होते जागेवरच, पण फरशीवरून चालताना कापसाच्या गादीवरून चालल्यासारखं वाटायचं. एकदा चपलेतून खिळा वर आला होता, तो संध्याकाळी चप्पल काढल्यावर दिसला. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. पायबिय बधिर झाले तर ते मला बाकीच्या अंगाला धरूनच वाटलं.

पण बोटं खाजायची. बाकी पाय मेल्यासारखा आणि बोटांच्या बेचक्यात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं. मी खोबरेल लावून बघितलं, हळद लावली, कडुलिंबाचा पाला वाटून थापला. सगळ्यात बरं वाटायचं ते मीठ घातलेल्या कढत पाण्यात पाय सोडल्यावर. पाणी किती कढत आहे ते कळायचं नाही. पाय लालभडक व्हायचे, घटकाभर खाज थांबायची, आणि मग दुपटीनं यायची. शेवटी तो ब्रश.

अक्कांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. “ऊठ. चप्पल घाल. दवाखान्यात जायचं.”

“माल द्यायचाय उद्या.”

“माल मी घासते. ऊठ म्हणते न्हवं?”

बसस्टँडजवळ डॉक्टर मगदूम बाईंनी नुकताच दवाखाना टाकला होता. पोरसवदा होत्या, पण घाई नव्हती त्यांना. खाली स्टुलावर बसल्या आणि माझा पाय स्वतःच्या हातांनी उचलून बघू लागल्या. मला संकोच वाटला. मी पाय मागं घेतला, त्यांनी परत पुढं ओढला.

“काकू, डोळे मिटा. मी एक नायलॉनचा दोरा टेकवणार आहे. लागला की हं म्हणा.”

मी डोळे मिटून बसले. बाहेर निपाणी गाडीचा हॉर्न झाला. कोणीतरी खोकलं. मी वाट बघत होते.

“लावताय का?” मी विचारलं.

“दहा ठिकाणी लावून झाला, काकू.”

मी डोळे उघडले. बाई दोरा डबीत ठेवत होत्या.

“मग खाज कशी येते मला?”

“दोन कारणं आहेत. एक म्हणजे तुम्हाला चिखल्या झाल्यात. साखर वाढलेली, पाय दिवसभर ओले, त्यात तुम्ही बोटांच्या मधे तेल लावताय. त्या बुरशीला याहून चांगलं काय हवं? आणि दुसरं, साखरेनं नसा बिघडल्यात. बिघडलेल्या नसा खोटे निरोप देतात. जिथं काही नाही तिथं खाज, आणि जिथं खिळा घुसलाय तिथं काहीच नाही.”

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. गोळ्या रोज, न चुकता. पाय कोमट पाण्यानं धुवायचे, पाणी पायानं बघायचं नाही, कोपरानं बघायचं. धुतले की बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं एकेक करून कोरड्या करायच्या. मलम तिथंच लावायचं. तेल टाचांना हवं तर लावा, बोटांच्या मधे थेंब नको. घरातही अनवाणी नाही. ओल्यात बसून काम नाही. खाजवायचं नाही, ब्रश तर बघायचाही नाही. आणि रोज एकदा दोन्ही पाय नीट न्याहाळायचे, कारण पाय आता स्वतःहून काही सांगणार नाहीत.

मी मान हलवत होते.

“आणि हे काढायचं.” त्यांनी उजव्या पायाच्या जोडव्याला बोट लावलं. डाव्या पायाचं सैल होतं, ते त्यांनी साबण लावून तेवढ्यात काढलंही. उजवं निघेना. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. बोट दोन्ही बाजूंनी सुजून वर आलं होतं आणि जोडवं मधे रुतून बसलं होतं. बाईंना घाम आला.

“कापावं लागेल. आज नाहीतर उद्या. खाली कातडी कुजायला लागलीय.”

“नाही कापलं तर?”

“तर मग आपल्याला जोडव्याबद्दल नाही, बोटाबद्दल बोलावं लागेल.” जरा थांबून त्या हसल्या. “पण हुपरीत चांदी कापणाऱ्यांची काय कमी? तुमच्या तर घरातच आहेत की.”

मी चप्पल पायात सरकवली.

परतताना अक्का रस्त्यात दोनदा थांबल्या. “नवरा धडधाकट असताना जोडवं कापायचं? निघालं आपसूक तर गोष्ट वेगळी. करवत लावायची म्हणजे...” पुढचं त्यांनी गिळलं. थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, “बोट जाईल म्हणल्या व्हय त्या?”

“म्हणल्या.”

“भूपालला सांग आज.”

“सांगते.”

मी सांगितलं नाही.

ते जोडवं भूपालनीच घडवलेलं होतं. लग्न ठरल्यावर आमच्या घरी एक दोरा पाठवला होता, बोटाला गुंडाळून माप परत पाठवा म्हणून. माझ्या वहिनीनं मला कितीतरी दिवस त्यावरून चिडवलं होतं. तो माणूस आता त्याच घरात माझ्यापासून दहा पावलांवर बसून काम करत होता, आणि आमच्यात बोलणं म्हणजे “रिठा संपलाय,” “जेवण वाढलंय,” “दार लावून घे,” एवढंच. भांडण नव्हतं. भांडायलाही काही लागतं. दिवस मावळायच्या आत आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि ताटं उचलायचो. सात वर्षं असंच चाललं होतं. पाय मांडीवर घेऊन जोडवं कापायला त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं, हे मला सुचेना.

दुसऱ्या कोणाकडे जाता आलं असतं. पण परक्या माणसापुढं पाय करायचा, आणि तो विचारणार, का वहिनी, भूपालअण्णांकडं करवत नाही होय? गावभर झालं असतं.

चार दिवस गेले. गोळ्या घेतल्या, बेचक्या पुसल्या, मलम लावलं. बाकी बोटांची खाज किंचित उतरली. जोडव्याखाली मात्र ती तशीच होती, आणि तिथं हात पोचत नव्हता. बोट फुगून वांग्याच्या रंगाचं झालं.

शुक्रवारी ते कोल्हापूरला जायला निघाले. संध्याकाळपर्यंत यायचे नव्हते. मी दार लोटून घेतलं, सोप्यात त्यांच्या पाटावर बसले आणि हत्यारांतून बारीक पात्याची करवत उचलली. पाय ओढून जवळ घेतला. बोट धरलं तर करवत धरता येईना, करवत धरली तर बोट दिसेना. दोनदा पातं घसरलं. तिसऱ्यांदा ते बसलं आणि मी ओढायला लागणार एवढ्यात दार उघडलं.

गाडी चुकली होती त्यांची.

ते दारात उभे राहिले. पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

“काय चाललंय?”

“जोडवं काढतीय.”

“का?”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.”

“कवा?”

“सोमवारी.”

ते मनात दिवस मोजत असावेत. मग चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि माझ्यासमोर येऊन बसले.

“आण इकडं.”

मी करवत पुढं केली.

“करवत न्हाई. पाय.”

त्यांनी माझी टाच धरून पाय मांडीवर घेतला. बोट बघितलं आणि बराच वेळ नुसतं बघतच राहिले. मग उठून पितळेची एक पातळ पट्टी आणली, जोडवं आणि कातडीच्या मधे हळूहळू सरकवली, म्हणजे पातं आत लागू नये. चष्मा लावला.

“दुखलं तर सांग.”

“बरं.”

करवत चालू झाली. चांदीवर पातं चालतं तेव्हा एक बारीक, कोरडा आवाज येतो. त्या घरात मी तो रोजच ऐकत होते. मी त्यांच्या डोक्याकडे बघत होते. टाळूवरचे केस विरळ झाले होते. वरून बघायची वेळ कधी आली नव्हती. एरवी चांदीचा कण खाली पडू नये म्हणून मांडीवर कातडं अंथरायचे. त्या दिवशी अंथरलं नाही. चुरा त्यांच्या धोतरावर पडत होता.

मधेच आवाज थांबला.

मी खाली बघितलं. पट्टी कधीतरी सरकली होती. पातं जोडवं पार करून बोटात गेलं होतं, चांगलं नखभर. रक्त त्यांच्या अंगठ्यावरून मनगटापर्यंत आलं होतं. त्यांनी करवत बाजूला ठेवली.  

“अगं, एवढं कापलं,” ते म्हणाले. “तुला कळलं कसं न्हाई?”

 

हे वाक्य त्या घरात आधी एकदा बोललं गेलं होतं. त्याच्या सात वर्षं आधी. आमची मुलगी पद्मा अकरा वर्षांची होती. हे माल घेऊन राजकोटला गेले होते. तिला तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी उतरला. पोरगी गार लागली, घामेजली होती, पाणी प्यायली आणि कुशीवर वळून झोपली. मी तिच्यावर पांघरूण घातलं आणि अंगणात पैंजण घासायला बसले. दोन तासांनी उठवायला गेले. हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. तोवर सगळं आटोपलं होतं. दारातच उभे राहून त्यांनी मला विचारलं होतं, “तू जवळ होतीस. तुला कळलं कसं न्हाई?” मी उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी परत विचारलं नव्हतं. त्यानंतर आम्ही एकमेकांना काहीच विचारलं नव्हतं.

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना आठवलं होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. 

“न्हाई कळलं,” मी म्हटलं. “ताप उतरला होता. मला वाटलं, आता बरी झोप लागलीय. म्हणून न्हाई उठवलं.”

 रक्त त्यांच्या धोतरावर टपकत होतं आणि ते पुसत नव्हते.

“व्हय,” ते म्हणाले. “तसंच वाटलं असंल.” मग थोड्या वेळानं, “मला बी तसंच वाटलं असतं.”

मी कधीकधी मनाशी ठरवलं होतं, की हे बोलणं ज्या दिवशी होईल त्या दिवशी मी हंबरडा फोडीन. तसं काही झालं नाही. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, पान बदलायचं राहिलं होतं.

त्यांनी पट्टी परत नीट सरकवली आणि उरलेलं कापलं. दुसऱ्या बाजूनंही एक चीर दिली. जोडव्याचे दोन तुकडे झाले. खालची कातडी पांढरी, भिजवलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी सुटत होती. त्यांनी चुलीवरचं पाणी आणलं.

“कोपरानं बघा आधी,” मी म्हटलं.

त्यांनी बाही वर सारून कोपर बुडवलं, गार पाणी ओतलं, परत बुडवलं. पाय धुतला. चांदी पुसायची मलमल काढली आणि बोटं वेगळी करून एकेक बेचकी पुसली, नक्षीतला रिठा टिपावा तशी. मलम कुठं आहे ते विचारलं. जखमेवर पट्टी बांधली. मग चपला घातल्या आणि अक्कांना हाक मारून सांगितलं, “मी हिला दवाखान्यात घेऊन जातो. दाराकडं लक्ष असू दे.”

डॉक्टरबाईंनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि भूपालना चार शब्द सुनावले. ते ऐकून घेत उभे राहिले. बोट वाचलं.

त्या दिवसापासून रोज जेवण झालं, की ते पाट घेऊन माझ्यासमोर बसायचे. “पाय दाखव.” आधी उजवा, मग डावा. खिडकीतला उजेड जायच्या आत सगळं आटपायचं. धुणं, पुसणं, मलम, मग तळवा उचलून कुठं काही लागलंय का ते बघणं. चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला, जसा घडवलेला माल तपासायचे तसं. मला ओल्यात बसायला बंदी झाली. रिठ्याचं काम त्यांनी बाहेर द्यायला सुरुवात केली. जोडव्याचे तुकडे त्यांनी दुसऱ्याच दिवशी वितळवायला मोडीबरोबर मुशीत टाकले. ती चांदी कोणाच्या तरी पैंजणात गेली असेल.

अक्कांना माझे उघडे पाय बघवेनात. एकदा यांच्यासमोरच म्हणाल्या, “जित्या नवऱ्याची बायको अशी भुंडी बोटं घेऊन हिंडते, लोक काय म्हणतील?”

भूपालनी भिंगातून डोळा काढला नाही. “मी हितं बसलोय न्हवं? दिसतोय न्हवं लोकास्नी? मग झालं.”

खाज एका दिवसात गेली नाही. पहिल्यांदा करंगळीकडची थांबली, मग मधली. जोडव्याच्या जागची सगळ्यात शेवटी, पाचव्या आठवड्यात. एक दिवस दुपारी भाकरी थापताना माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मी पायाकडे एकदाही हात नेलेला नाही. मी जरा थांबले. काहीतरी बोलायला हवं असं वाटलं, पण घरात कोणी नव्हतं. मी भाकरी तव्यावर टाकली.

पुढच्या खेपेला मी एकटीच दवाखान्यात गेले होते. बाईंनी साखर बघितली, बोटं बघितली, छान म्हणाल्या. मग परत तो दोरा काढला. मी डोळे मिटून बसले. या वेळी मी काही विचारलं नाही.

“काकू, खाज गेली, जखम भरली. पण जी संवेदना गेलीय ती परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. आहेत ते पाय सांभाळायचे.”

“बरं,” मी म्हटलं.

आज माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. भूपाल गेले त्याला सहा वर्षं झाली. ते होते तोवर, आजारपणातले शेवटचे दीड महिने सोडले तर, माझे पाय बघायचा त्यांचा नेम चुकला नाही.

आणि ते रोज एक प्रश्न विचारायचे. मलम लावून झालं, की अंगठ्यानं माझ्या तळव्यावर जरासं दाबायचे आणि मान वर न करता म्हणायचे, “आता कळतंय काय?” सुरुवातीला मी म्हणायची, “न्हाई.” ते मान हलवायचे आणि पाट उचलायचे. बाईंनी मला जे सांगितलं होतं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्या पहिल्या वर्षातली, थंडीतली एक संध्याकाळ आहे. ते जेवणावरून उठले, न्हाणीत गेले, हात धुतले. रांजणातलं पाणी थंडगार असायचं त्या दिवसांत. हात झटकत आले, पाट घेतला आणि माझा पाय मांडीवर घेतला. बेचक्या पुसल्या, मलम लावलं. मग अंगठा तळव्यावर ठेवला.

“आता कळतंय काय?”

“व्हय,” मी म्हटलं.

त्यांनी झटकन मान वर केली. “खरं? काय कळतंय?”

मी त्यांना न्हाणीतून येताना बघितलं होतं. तेव्हा त्यांच्या बोटांच्या टोकांवर पाणी होतं.

“तुमचे हात गार आहेत,” मी म्हटलं.